निम्म्यात थांबलेलं हसू

९ जानेवारी

बयो,

आशीर्वाद आहेतच, ते शेवटी देते. आधी भांडण.

तुझ्या पुस्तकाची छापायला जाण्याआधीची पानं काल पोस्टानं आली. सोबत तुझी चिठ्ठी, "आत्या, तू अडतीस वर्षं सिनेमे कापण्या-जोडण्यात काढलीस, तारखाबिरखा चुकल्या असतील तर सांग." तारखा सगळ्या बरोबर आहेत. बाकीचं चुकलंय. फोनच केला असता, पण फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि निम्म्या भांडणानं माझं पोट भरत नाही.

आजचे नट आणि त्यांच्या आधीच्या पिढीचे नट यांचे चेहरे शेजारी शेजारी लावून "बघा, किती सारखे" म्हणायची कल्पना चांगली आहे. फोटोही मेहनतीनं गोळा केलेस. पण हा सारखेपणा येतो कुठून, हे तू सगळीकडे हवेतून लिहितेस. तिसरं प्रकरण घे. जुन्या खलनायकाचा वर उचललेला डावा खांदा आजच्या तीन खलनायकांत दिसतो, हे खरं. तू त्याला "सत्तेची देहबोली" म्हणतेस. अगं, त्याचा कोट डाव्या काखेत घट्ट झाला होता! शिंपी म्हणाला दोन दिवस लागतील, निर्माता म्हणाला शूटिंग आजच. मग पूर्ण सिनेमा त्यानं खांदा वर धरूनच काढला. जेवणाच्या सुट्टीत काख खाजवताना मी त्याला स्वतः बघितलंय. आता ही पोरं मापात शिवलेले कोट घालून खांदा उचलतात आणि तू त्यावर चार पानं लिहितेस. जाऊ दे, काखेचं मी हसण्यावारी नेलं असतं.

सातवं प्रकरण वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"रक्तातला अभिनय". थोरले आणि त्यांचा नातू. (आम्ही स्टुडिओत त्यांना थोरलेच म्हणायचो, आणि आता सगळे या नातवाला धाकटे म्हणतात, म्हणून मीही म्हणते.) वाईट बातमी ऐकल्यावर थोरल्यांच्या चेहऱ्यावर जे व्हायचं, तेच धाकट्यांच्या चेहऱ्यावर होतं, असं तू लिहिलंयस. वर्णन अचूक आहे, तुझ्या नजरेला मी नाव ठेवणार नाही. आधी मान हलते, कुणी "जरा दार लाव" म्हटल्यावर आपण "बरं" म्हणतो तशी. मग हनुवटी थोडी वर. मग उजवीकडचा ओठ हसायला निघतो आणि निम्म्यात थांबतो. डोळे कोरडे. आणि पुढे तुझं वाक्य, "हे शिकवून येत नाही, हे त्या घराण्याचं रक्त आहे."

कुठल्या घराण्याचं? ते हसू तुझ्या बापाचं आहे!

दादा त्या स्टुडिओत काय करायचा हे तुला ठाऊक आहे, तरी पुस्तकात एक ओळ नाही. थोरल्यांएवढीच उंची, तसेच खांदे, म्हणून लाईट लावताना त्यांच्या जागी दादाला उभं करायचे. जमिनीवर खडूची खूण, त्या खुणेवर तास तास. सगळं जमलं की थोरले तोंडाला रंग लावून येणार आणि दादा बाजूला होणार. कधीकधी उजेड कसा पडतोय ते बघायला कॅमेरावाले चार-सहा सेकंद दादावरच फिल्म चालवायचे. तो तुकडा बाकीच्या रिळांबरोबर माझ्याकडे यायचा आणि माझ्याकडून कचऱ्यात जायचा.

नायक घरी येतो आणि वडिलांची खुर्ची रिकामी बघतो, तो प्रसंग. तू त्याच्यावर दोन पानं लिहिलीयस. थोरल्यांना तो जमत नव्हता. दोन दिवस रडले, खुर्चीला मिठी मारली, एकदा तर खुर्ची मोडली. सगळं खोटं. आणि त्यांच्या जागी दादाला उभा केला तेव्हा आमचे वडील जाऊन आठ दिवस झाले होते. समोर रिकामी खुर्ची. त्या चार-सहा सेकंदांत दादाच्या चेहऱ्यावर ते झालं. अभिनय नव्हता तो. वडील गेले तेव्हा हॉस्पिटलच्या दारात त्यानं अगदी असंच केलं होतं, मी शेजारी होते.

तो तुकडा कुणीतरी दिग्दर्शकांना दाखवला. त्यांनी थोरल्यांना दाखवला, एकदा नाही, नऊ वेळा. तिसऱ्या दिवशी थोरल्यांनी ते करून दाखवलं, आणि मग मरेपर्यंत तेवढ्यावरच त्यांचं नाव चाललं. आता नातवाचं चाललंय. त्यात रक्त कुठून आलं?

सातवं प्रकरण दुरुस्त कर. आता घे आशीर्वाद.

आत्या


१७ जानेवारी

आत्या, नमस्कार.

डोळ्यांच्या ऑपरेशनपासून बाबांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तुझी पत्रं मीच वाचून दाखवते. हे दाखवलं नाही. "आत्या बरी आहे" एवढंच सांगितलं.

तुझा राग मला कळतो. भावाविषयी तुला वाटतं ते खरंच असेल. पण मी काय छापणार? "माझ्या आत्याला असं आठवतं"? तो तुकडा कुठे आहे? तुझ्याखेरीज तो बघितलेला एक तरी माणूस आज हयात आहे का? थोरल्यांच्या घरचे कोर्टात जातील आणि मी तुझं पत्र दाखवत बसेन.

आणि दुसरी गोष्ट अशी, की मी या माणसाला सेहेचाळीस वर्षं बघतेय. बाबांच्या चेहऱ्यावर काही होत नाही, आत्या. मी शाळेत पहिली आले, काही नाही. माझं लग्न मोडलं, मी बॅग घेऊन दारात उभी, तर म्हणाले, "चप्पल आत घे." आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सगळं घर रडत होतं आणि बाबा दगडासारखे उभे होते, एक रेषही हलली नाही. ते मी विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही, हे तुला चांगलं माहीत आहे. आता तू म्हणतेस की जगातलं सगळ्यात हेलावून टाकणारं हसू या माणसाचं. कसं मानू?

शिवाय अकरा तारखेला, म्हणजे तुझं पत्र हातात पडायच्या दोन दिवस आधी, एक प्रसंग झाला तोही सांगते. प्रकाशकांना जाहिरातीसाठी छोटी फिल्म हवी होती. जुन्या स्टुडिओतला माणूस थोरल्यांच्या आठवणी सांगतो आणि शेजारी धाकटे बसलेत, अशी. मीच बाबांचं नाव सुचवलं. मला वाटलं, त्यांनाही जरा बरं वाटेल. धाकटे घरी आले, चांगला मुलगा आहे, बूट बाहेर काढून आला. बाबांना मी इस्त्रीचा शर्ट घातला. धाकट्यांनी ते अर्धं हसू करून दाखवलं आणि खरंच सांगते, खोलीत कुणी हललं नाही. मग ते म्हणाले, "काका, तुम्ही तर आजोबांना रोज बघायचात. तुम्हीपण करून दाखवा ना."

बाबा उभे राहिले. कॅमेरा चालू. मिनिटभर तसेच उभे, चेहरा कोरा. धाकटे म्हणाले, "प्रयत्न तर करा." शेवटी बाबा म्हणाले, "मला नाही येत." सगळे हसले, प्रेमानंच हसले. धाकट्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "रक्तात असावं लागतं, काका."

तो तुकडा इतका छान आलाय की प्रकाशक जाहिरातीत तोच वापरणार आहेत. आता तूच सांग. ज्याचं हसू तू म्हणतेस, त्याच्याच तोंडून "मला नाही येत" आलं. मी आणखी काय पुरावा बघू?

आणि एक विचारायचं राहिलं. एरवी तू शिंप्याची काखसुद्धा सोडत नाहीस. मग तो तुकडा "कुणीतरी" दाखवला म्हणजे कुणी दाखवला?

बयो


२२ जानेवारी

बयो,

त्याला उभं केलंत? त्याच्याच घरात, इस्त्रीचा शर्ट घालून, त्याचाच चेहरा करून दाखव म्हणालात आणि वर नापास केलंत? पाठीवर थाप! ज्या हसूवर त्या पोराची गाडी, बंगला आणि तुझं सातवं प्रकरण उभं आहे, ते ज्याचं, त्याच्या पाठीवर थाप मारून "रक्तात असावं लागतं"! आणि तू तिथे होतीस. तू हसलीस का, ते लिहिलं नाहीस. लिहूही नकोस.

"बूट बाहेर काढून आला" म्हणे. फार उपकार झाले.

कुणीतरी म्हणजे मी. झालं समाधान? रिळं लावताना तो तुकडा समोर आला आणि माझा हात थांबला. आठ दिवसांपूर्वी हॉस्पिटलच्या दारात बघितलेला चेहरा माझ्या कापण्या-जोडण्याच्या टेबलावर चालत होता. मला वाटलं, दिग्दर्शकांनी हे बघितलं तर विचारतील, कोण आहे हा? याला का नाही आपण काम देत? भावाचं भलं करायला निघाले होते मी. त्यांना बोलावून म्हटलं, "बघा, प्रसंगाला हे हवंय." ते म्हणाले, "हेच हवंय," आणि थोरल्यांना निरोप धाडला. कोण आहे हे विचारलंसुद्धा नाही. थोरले माझ्या खांद्यावरून वाकून बघायचे आणि म्हणायचे, "परत." नऊ वेळा मीच फिरवला तो तुकडा. दादा तेव्हा बाहेर खडूच्या खुणेवर उभा होता. काम झाल्यावर तुकडा कचऱ्यात टाकला तोही मीच, नको असलेलं काही ठेवायचं नाही असा आमचा नियम होता. तुझा पुरावा तिकडे गेला.

बेचाळीस वर्षं मी थोरल्यांना शिव्या घालतेय, त्यातल्या निम्म्या माझ्या वाटच्या आहेत.

आता दगडाचं ऐक. हे मी तुला कधीच सांगणार नव्हते, दादानं माझ्याकडून शब्द घेतला होता. तो मोडतेय. तुझ्या त्या "माफही केलेलं नाही" या वाक्यानं मोडायला लावलं.

तो सिनेमा पन्नास आठवडे चालला. गल्लीतली पोरं, बँकेतले कारकून, जो तो आरशासमोर ते अर्धं हसू करून बघायचा. दादाच्या चेहऱ्यावर ते आपोआप यायचं, आमच्या वडिलांच्या वेळेपासून वाईट काही ऐकलं की यायचंच. आणि लोक म्हणायचे, "वा, थोरले!" आधी तो हसण्यावारी न्यायचा. मग शेजारचे म्हातारे गृहस्थ वारले. दादा त्यांच्या दारात गेला, त्यांच्या मुलानं त्याचा चेहरा बघितला आणि दंडाला धरून बाहेर काढला. "आमच्याकडे माणूस गेलंय आणि तुम्हाला नकला सुचतायत?" सांग, काय उत्तर देणार? "हा माझाच चेहरा आहे" म्हणणार? कोण विश्वास ठेवणार? तू ठेवलास?

तेव्हापासून तो सावध झाला. तरी घरात, तुझ्या आईसमोर, माझ्यासमोर ते यायचं. मग तुझी आई आजारी पडली. त्या दिवशी हॉस्पिटलच्या बोळात मी होते, दादा होता आणि त्याची बाही धरून तू होतीस. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आता फार दिवस नाहीत. दादानं मान हलवली. हनुवटी वर झाली. ओठ निघाला. तू वर बघितलंस आणि चिडून म्हणालीस, "बाबा, सिनेमातल्यासारखं नका ना करू."

तो भिंतीकडे वळला. परत वळला तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. पाच दिवसांनी तुझी आई गेली, तेव्हा तू बघितलास तो दगड तिथे तयार झाला होता. तुला परत तसं वाटू नये म्हणून. तुझ्यासाठी, बयो!

तू नऊ वर्षांची होतीस, तुझा दोष नाही. पण अकरा जानेवारीला तू सेहेचाळीस वर्षांची होतीस.

आत्या


१० फेब्रुवारी

बयो,

एकोणीस दिवस झाले. रागाच्या भरात लिहिलं त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही, पण उत्तर तरी दे. दादा कसा आहे?

ती जाहिरात बघितली. शेजारीणबाई फोन घेऊन आल्या, "बघा हो, किती गोड आजोबा आहेत, बिचाऱ्यांना जमतच नाही." मी त्यांना घराबाहेर काढलं. त्यांना कळलंच नाही का ते. आता त्या माझ्याशी बोलत नाहीत आणि माझं दळण कोण आणणार हा प्रश्नच आहे.

आत्या


१९ फेब्रुवारी

आत्या,

उत्तर दिलं नाही कारण आधी काहीतरी करून मग लिहायचं होतं. नुसतं "चुकलं" लिहून पाठवायची लाज वाटली.

मी हसले होते. तू लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते.

आधी प्रकाशकांकडे गेले. जाहिरात काढा म्हटलं. ते म्हणाले, "काढा? अहो, तुमच्या वडिलांमुळे तर चालतेय." मग सातवं प्रकरण काढा म्हटलं. तर म्हणे थोरल्यांच्या घरच्यांनी सगळे फोटो त्या प्रकरणाच्या अटीवरच दिलेत आणि मुखपृष्ठावर आजोबा-नातवाचं अर्धं अर्धं हसू जोडून छापूनही झालंय. मी सगळं सांगितलं. खडूची खूण, रिकामी खुर्ची, नऊ वेळा फिरवलेला तुकडा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो तुकडा कुठे आहे?" अगदी माझ्याच शब्दांत. इतका संताप आला की टेबलावरची पेन्सिल मी मोडली. त्यातला त्यांच्यावरचा राग किती आणि माझ्या स्वतःवरचा किती, कोण जाणे.

पुस्तक मागे घेतलं. माझ्या नावानं ते निघणार नाही, असं लिहून दिलं. प्रकाशक म्हणाले, "चार वर्षांचं काम, आणि ते कुणासाठी? वडिलांच्या एका हसण्यासाठी?" मी म्हटलं, "हो. तुमच्याकडे त्याच्यावर अख्खं मुखपृष्ठ आहे ना? मग माझ्याकडे एवढं असू दे." जाहिरात अजून चालू आहे. त्या फिल्मवर माझा हक्क नाही म्हणतात. मी वकिलाकडे जाणार आहे, भांडणार आहे, ते सोडत नाही. धाकट्यांनाही पत्र लिहिलं. त्यांच्या सचिवाकडून उत्तर आलं, "आपल्या प्रेमाबद्दल आभार," आणि सोबत सही केलेला फोटो. फोटोत कुठलं हसू आहे ते तुला सांगायला नको.

मग घरी. बाबांना तुझी पत्रं वाचून दाखवायची ठरवलं तरी तीन दिवस धीर झाला नाही. मंगळवारी सकाळी ते खिडकीशी स्टुलावर बसून धुतलेले कपडे घडी करत होते. मी समोर बसले आणि पहिल्यापासून वाचायला लागले. काखेपाशी म्हणाले, "खाज नव्हे, पुरळ उठलं होतं त्याला." रिकाम्या खुर्चीपाशी हात थांबले, मग परत चालू झाले. "कुणीतरी म्हणजे मी" हे वाचलं तेव्हा म्हणाले, "मला तेव्हाच माहीत होतं. तिच्याशिवाय त्या टेबलाला हात लावायची टाप कुणाची होती? तिला लिही, मी रागावलो नव्हतो." एक टॉवेल घडी केला. मग म्हणाले, "थोडा रागावलो होतो."

शेजारच्यांच्या दारातला प्रसंग वाचला तेव्हा घातलेली घडी उलगडून परत घातली. मग बोळ आला. डॉक्टर आले. मी थांबले.

"अडलीस का? वाच," बाबा म्हणाले.

मी माझं वाक्य वाचलं. माझ्याच तोंडानं, त्यांच्यासमोर, दुसऱ्यांदा. आणि वर बघितलं.

बाबांनी मान हलवली, बरं म्हटल्यासारखी. हनुवटी वर झाली. उजवीकडचा ओठ निघाला. सदतीस वर्षांनी, आत्या, दोन हातांवर, दिवसाढवळ्या. आणि माझ्या मनात पहिला शब्द कुठला आला सांगू? थोरले. तुझी पत्रं मांडीवर, पुस्तक रद्द, चार जणांशी भांडून आलेली मी, आणि माझ्या डोळ्यांपुढे आधी तो पडद्याएवढा चेहरा आला. बाबा किती त्यांच्यासारखे दिसतात, असं वाटलं मला. अर्धा सेकंद असेल. तू टेबलावर फिल्मच्या बारा चौकटी मोजल्या असत्यास.

पण बाबा माझ्याकडेच बघत होते. इतकी वर्षं समोरच्याच्या चेहऱ्यावर हेच तर ओळखत आलेत. त्यांनी ते माझ्या चेहऱ्यावर बघितलं. ओठ मागे गेला, हनुवटी खाली आली आणि त्यांनी पुढचा शर्ट उचलला.

"पुढे वाच," म्हणाले.

पुढे तू लिहिलंयस की मी नऊ वर्षांची होते, माझा दोष नाही. ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही.

बयो